युनिसेफ आणि पुरावा : बालकल्याणाच्या आकडेवारीचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने ११ डिसेंबर १९४६ रोजी युनिसेफची स्थापना केली, त्या वेळी या संस्थेकडून संशोधनाची अपेक्षा कोणी केलेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशांतील मुलांपर्यंत दूध, कपडे व औषधे पोहोचविणे एवढेच तिचे काम होते. संस्थेच्या मूळ नावात ‘आपत्कालीन’ हा शब्द होता. १९५३ मध्ये तिला कायमस्वरूपी दर्जा मिळाला, तेव्हा तो नावातून गळाला. आज मात्र बालमृत्यू, लसीकरण, कुपोषण यांविषयीच्या बहुतेक कोष्टकांखाली ‘स्रोत : युनिसेफ’ असा उल्लेख आढळतो. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, गृहविज्ञान अशा विषयांचे आपण प्राध्यापक ते आकडे वर्गात सांगतो, शोधनिबंधांत उद्धृत करतो आणि क्वचितच त्यांच्या उगमाची चौकशी करतो.

ही चौकशी आवश्यक आहे, याचे कारण संस्थेच्या रचनेतच आहे. युनिसेफला संयुक्त राष्ट्रसंघाच्या सदस्य देशांच्या बंधनकारक वर्गणीतून वाटा मिळत नाही. सरकारांच्या आणि खाजगी देणगीदारांच्या ऐच्छिक साहाय्यावर तिचा संपूर्ण कारभार चालतो. म्हणजे कार्यक्रम राबविणारी, त्यासाठी निधी मागणारी आणि कार्यक्रमाचे फलित मोजणारी संस्था एकच आहे. या तीन भूमिका एकत्र आल्यामुळे पुराव्याचे काय होते, याचा शोध प्रस्तुत लेखात काही ठळक प्रसंगांच्या आधारे घेतला आहे. युनिसेफचा पुरावा सर्वाधिक उपयोगी तेव्हा ठरला, जेव्हा तो संस्थेच्या स्वतःच्या दाव्याविरुद्ध वापरता येईल अशा स्वरूपात उपलब्ध होता, असे लेखकाचे प्रतिपादन आहे.

दूध, लस आणि विश्वास

आरंभीच्या काळात पुरावा म्हणजे मालाची नोंद होती. किती दूधभुकटी गेली, किती मुलांना टोचले, हेच आकडे अहवालांत येत. १९४८ मध्ये डॅनिश रेडक्रॉस व तिच्या स्कँडिनेव्हियन सहयोगी संस्थांबरोबर युनिसेफने क्षयरोगाविरुद्ध बीसीजी लसीची आंतरराष्ट्रीय मोहीम हाती घेतली. भारतात तिचा आरंभ त्याच वर्षी झाला आणि १९५१ पासून तिला व्यापक स्वरूप आले. लस किती प्रभावी आहे, याबद्दल तज्ज्ञांत त्या काळीही एकमत नव्हते. १९५५ मध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या लसीला आपला विरोध का आहे, हे सांगणारी पुस्तिकाच प्रसिद्ध केली. त्यांचे सर्व आक्षेप शास्त्रीय कसोटीला उतरणारे नव्हते. तथापि पुरेशा पुराव्याशिवाय कोट्यवधी मुलांना लस का द्यावी, हा त्यांचा मूळ प्रश्न गैरलागू म्हणता येत नाही.

त्याचे उत्तर मिळण्यास सुमारे पाव शतक लागले. तमिळनाडूतील चिंगलपेट येथे १९६८ मध्ये सुरू झालेल्या विशाल चाचणीचे पहिले निष्कर्ष १९७९ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रौढांमध्ये आढळणाऱ्या फुफ्फुसाच्या क्षयापासून या लसीने संरक्षण मिळाल्याचे तेथे दिसून आले नाही. लहान मुलांना क्षयजन्य मेंदूज्वरासारख्या गंभीर प्रकारांपासून ती वाचविते, हे अन्य अभ्यासांनी दाखविले असल्याने ती आजही दिली जाते. मोहीम आधी आणि कसोटी नंतर, हा क्रम येथे प्रथम स्पष्टपणे दिसतो. पुढे तो अनेकदा आला.

याच कालखंडात युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलिनचा कारखाना उभा राहिला. महाराष्ट्राचा या संस्थेशी आलेला हा सुरुवातीचा मोठा संबंध यंत्रे व तंत्रज्ञान यांच्या पुरवठ्याचा होता. आकडेवारीचा संबंध बऱ्याच नंतर आला.

जेम्स ग्रँट : संख्येचे आवाहन

युनिसेफच्या इतिहासात संख्येला मध्यवर्ती स्थान मिळवून दिले ते जेम्स ग्रँट यांनी. १९८० ते १९९५ या काळात ते संस्थेचे कार्यकारी संचालक होते. जगातील मुलांच्या स्थितीविषयीचा वार्षिक अहवाल त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाला. जगात दररोज ४०,००० मुले मरतात, हे वाक्य त्यांनी राष्ट्रप्रमुखांपासून पत्रकारांपर्यंत सर्वांना ऐकविले. हा आकडा अर्थातच अंदाज होता. ज्या देशांत सर्वाधिक मुले मरत होती, त्याच देशांत जन्म-मृत्यूंची नोंदणी सर्वांत दुबळी होती. तरी वर्षाला सुमारे दीड कोटी मृत्यू असे म्हणण्यापेक्षा रोजचा आकडा सांगणे अधिक परिणामकारक आहे, हे त्यांनी ओळखले होते. संख्येचा असा वापर अभ्यासकाला थोडा अस्वस्थ करतो, हे मान्य करावयास हवे.

डिसेंबर १९८२ मध्ये ग्रँट यांनी बालजीवित्वाच्या क्रांतीची घोषणा केली. वाढीवर देखरेख, जलसंजीवनी, स्तनपान आणि लसीकरण ही तिची चार मुख्य साधने. सप्टेंबर १९७८ मधील आल्मा-आटा परिषदेने सर्वांगीण प्राथमिक आरोग्यसेवेचा आग्रह धरला होता. ज्युलिया वॉल्श आणि केनेथ वॉरेन यांनी १९७९ मध्ये त्याऐवजी निवडक, स्वस्त व परिणाम मोजता येतील असे उपाय सुचविले. ग्रँट यांनी दुसरा मार्ग पत्करला. जे मोजता येते त्याला प्राधान्य मिळाले आणि पाणी, रोजगार, स्त्रियांचे शिक्षण यांसारखी मंदगतीने फळणारी कामे मागे पडली, ही त्यावरील टीका बव्हंशी रास्त आहे.

या चार साधनांमागील पुरावा सारखा भक्कम नव्हता. जलसंजीवनीची उपयुक्तता १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांच्या कामातून आणि ढाक्यातील अतिसार संशोधनातून सिद्ध झालेली होती. साखर, मीठ व पाणी यांच्या द्रावणाने छावणीतील पटकीच्या रुग्णांचे मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३ ते ४ टक्क्यांवर आले. याउलट, वजन करून वाढीच्या तक्त्यावर बिंदू मांडल्याने मुलाचे पोषण सुधारते, ही केवळ धारणा होती. तमिळनाडूतील काही गावांत या धारणेची रीतसर परीक्षा झाली. १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार, वाढीवर देखरेख ठेवलेल्या आणि न ठेवलेल्या गावांतील मुलांच्या पोषणस्थितीत फरक आढळला नाही, दोन्हीकडे अन्य सेवा मात्र सारख्याच दिल्या होत्या. एवढे असूनही तक्ते भरण्याचे काम अंगणवाडी सेविकांच्या मागे कायम राहिले. वजन नोंदविले गेले. त्या नोंदीवरून पुढे काय करावयाचे, हा प्रश्न बहुधा तक्त्याबाहेरच राहिला.

ग्रँट यांच्या काळाचे दुसरे अंगही विसरता येणार नाही. १९८७ मध्ये कोर्निया, जॉली आणि स्ट्यूअर्ट यांनी युनिसेफसाठी केलेल्या अभ्यासाने आर्थिक पुनर्रचनेच्या धोरणांचा मुलांच्या आरोग्यावर व शिक्षणावर काय परिणाम होतो, हे देशोदेशींच्या माहितीच्या आधारे मांडले. जागतिक बँक आणि नाणेनिधी यांना प्रश्न विचारण्याचे धैर्य त्या अभ्यासात होते. पुढच्याच वर्षी फ्लॉरेन्स येथे अनाथ मुलांच्या शतकानुशतकांच्या आश्रयस्थानात संस्थेचे इनोचेंती संशोधन केंद्र सुरू झाले.

नोंदींकडून पाहणीकडे

१९९० पर्यंत जगातील ८० टक्के बालकांचे लसीकरण करण्याचे उद्दिष्ट होते आणि ते गाठल्याचे जाहीर झाले. ही घोषणा प्रामुख्याने सरकारांनी कळविलेल्या नोंदींवर आधारलेली होती. वाटलेल्या मात्रा भागिले अपेक्षित बालके, असे हे गणित. अंशाला फुगवटा येण्याची आणि छेदाबद्दल खात्री नसण्याची अडचण त्यात कायमच असते. भारतात १९९२-९३ मध्ये पहिली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली. तीत १२ ते २३ महिन्यांच्या बालकांपैकी सुमारे ५२ टक्क्यांना त्रिगुणी लसीच्या तिन्ही मात्रा मिळाल्याचे, तर सर्व लसी मिळालेली बालके अवघी ३५ टक्के असल्याचे दिसले. ३० टक्के बालकांना एकही लस मिळालेली नव्हती. पुढे २००८ मध्ये स्टीफन लिम व सहकाऱ्यांनी अनेक देशांच्या पाहण्यांशी अधिकृत आकड्यांची तुलना केली आणि सरकारी आकडे लसीकरणाची व्याप्ती वाढवून दाखवितात, असा निष्कर्ष काढला.

सप्टेंबर १९९० मध्ये न्यूयॉर्क येथे बालकांसाठी जागतिक शिखर परिषद भरली. तिने २००० सालासाठी मोजता येण्याजोगी उद्दिष्टे ठरविली, तेव्हा ही मोजणी कोण करणार, हा प्रश्न अटळ झाला. त्यातून १९९०च्या दशकाच्या मध्यास बहुनिर्देशक समूह पाहणीचा कार्यक्रम जन्माला आला. निवडक वस्त्यांमधील निवडक कुटुंबांकडे जाऊन प्रमाणित प्रश्नावली भरून घेणे, हे तिचे तंत्र साधे आहे. तिने शंभराहून अधिक देशांतील मुलांविषयी माहिती मिळवून दिली. लेखकाच्या मते युनिसेफने जगाच्या ज्ञानात घातलेली ही सर्वांत मोलाची भर आहे, वार्षिक अहवालांपेक्षाही. अहवालात संस्थेने निवडलेले आकडे असतात. पाहणीची मूळ माहिती संशोधकांना विनामूल्य मिळत असल्याने तीतून संस्थेला नको असलेला निष्कर्षही काढता येतो. त्या मोजणीमुळेच शिखर परिषदेने ठरविलेल्या बालमृत्यूतील एक-तृतीयांश घटीपासून जग दशकाच्या अखेरीस बरेच दूर राहिल्याचे कळले.

अंदाजांचे शास्त्रही हळूहळू सामायिक झाले. २००४ मध्ये युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आणि संयुक्त राष्ट्रसंघाचा लोकसंख्या विभाग यांचा बालमृत्यूंच्या अंदाजासाठी संयुक्त गट स्थापन झाला. तरीही सप्टेंबर २००७ मध्ये एक बोलका प्रसंग घडला. २००६ मधील बालमृत्यू ९७ लाख, म्हणजे प्रथमच एक कोटीच्या खाली आल्याची सुवार्ता युनिसेफने दिली. त्याच महिन्यात ख्रिस्तोफर मरे व सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये, मृत्युदर घटण्याचा वेग गेल्या तीन दशकांच्या तुलनेत वाढलेला नाही, असे दाखविले. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत होती. देणगीदारांना कोणते ऐकवावयाचे, एवढाच निर्णय होता.

दाव्याची परीक्षा : पश्चिम आफ्रिका

२००१ ते २००५ या काळात कॅनडाच्या अर्थसाहाय्याने युनिसेफने पश्चिम व मध्य आफ्रिकेतील ११ देशांत बालजीवित्वाला गती देण्याचा कार्यक्रम राबविला. लसीकरण, ‘अ’ जीवनसत्त्व, औषधयुक्त मच्छरदाण्या, गरोदर स्त्रियांची तपासणी असे परिणाम सिद्ध झालेले उपाय त्यात होते. सेवांची व्याप्ती किती वाढली यावरून गणित मांडून, कार्यक्रमाच्या जिल्ह्यांत बालमृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटले असावेत, असा अंदाज सांगितला गेला. येथे मृत्यू मोजलेले नव्हते. सेवा मोजल्या होत्या आणि मृत्यूंचा हिशेब त्यांवरून केलेला होता.

त्यानंतर मात्र संस्थेने स्वतंत्र मूल्यमापन जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या जेनिफर ब्राइस व त्यांच्या सहकाऱ्यांकडे सोपविले. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. कार्यक्रमाच्या जिल्ह्यांत बालमृत्यू बेनिनमध्ये १३ टक्क्यांनी व मालीमध्ये २४ टक्क्यांनी घटले होते. एवढेच वाचले तर यश दिसते. परंतु तुलनेसाठी घेतलेल्या, कार्यक्रम नसलेल्या भागांत ही घट बेनिनमध्ये २५ टक्के आणि मालीमध्ये ३१ टक्के होती. म्हणजे कार्यक्रमाने गती दिली असे म्हणता येत नव्हते. हिवताप आणि न्यूमोनिया यांवरील उपचारांची व्याप्ती वाढली नव्हती, नवजात बालकांच्या मृत्यूंकडे व कुपोषणाकडे लक्ष गेले नव्हते आणि मच्छरदाण्यांचा साठा अपुरा पडला होता, ही संभाव्य कारणे मूल्यमापनकर्त्यांनी नोंदविली.

या प्रसंगाकडे युनिसेफची नामुष्की म्हणून पाहणे सोपे आहे. लेखक तसे पाहत नाही. आपला दावा खोडून निघू शकेल अशी परीक्षा स्वतः घडवून आणणाऱ्या संस्था फार नाहीत. आक्षेप आहे तो क्रमावर. तुलनागटाचा विचार कार्यक्रमाच्या आरंभी झाला असता, तर चार वर्षे चुकीच्या ठिकाणी भर देण्याचे टळले असते. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांनी घरोघरी नवजात बालकांच्या सेवेचा प्रयोग केला, तेव्हा तुलनेची गावे आधीच निश्चित केली होती. त्यामुळे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट दाखविणाऱ्या त्यांच्या निष्कर्षाला जगभर मान्यता मिळाली. साधनसामग्री अल्प असलेल्या एका स्वयंसेवी संस्थेला जे साधले, ते मोठ्या निधीच्या कार्यक्रमाला अशक्य नव्हते.

न मोजलेले पाणी : बांगलादेश

मोजले गेले नाही त्याचा परिणाम अधिक भीषण असू शकतो. १९७०च्या दशकापासून बांगलादेशात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी विभागाबरोबर युनिसेफने कूपनलिकांचा प्रसार केला. तळी व विहिरींतील दूषित पाण्यामुळे मुले अतिसाराने मरत होती आणि जमिनीखालील पाणी जंतूंपासून बरेच सुरक्षित होते, हा पुरावा खोटा नव्हता. लोकांनी पुढे स्वखर्चाने लाखो कूपनलिका घेतल्या. मात्र त्या पाण्याची आर्सेनिकसाठी तपासणी होत नव्हती. शेजारच्या पश्चिम बंगालमध्ये आर्सेनिकबाधित रुग्ण १९८०च्या दशकाच्या आरंभीच आढळले होते. बांगलादेशाच्या पाण्यात ते १९९३ मध्ये अधिकृतपणे सापडले. सुमारे साडेबारा कोटी लोकसंख्येपैकी साडेतीन ते पावणेआठ कोटी लोकांना धोका असल्याचा अंदाज २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लोकसमूहाच्या विषबाधेची इतिहासातील ही सर्वांत मोठी घटना असल्याचे तेथे नमूद केले होते.

‘सुरक्षित पाणी’ या निर्देशकात पाण्याचा स्रोत कोणता, एवढेच विचारले जात होते. कूपनलिका असली की कुटुंब सुरक्षित गटात जमा होत असे. निर्देशक उत्तम गतीने वाढत होता आणि त्याच पाण्यातून विष जात होते. या अनुभवानंतर २००९ च्या बहुनिर्देशक पाहणीत पाहणीकर्त्यांनी घरातील पाण्याचीच आर्सेनिकसाठी चाचणी केली. २०१२-१३ च्या फेरीत जंतूंची तपासणीही जोडली गेली. प्रश्नावलीच्या जोडीला परीक्षणाचे साधन आले आणि पुढे इतर देशांच्या पाहण्यांतही पाण्याच्या गुणवत्तेची चाचणी स्वीकारली गेली.

भारत आणि महाराष्ट्र

पुरावा तयार होणे आणि तो लोकांपर्यंत पोहोचणे यांतील अंतर भारताने २०१५ मध्ये अनुभवले. २००५-०६ नंतर देशव्यापी कुटुंब आरोग्य पाहणी बराच काळ झाली नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी महिला व बालविकास मंत्रालयाने युनिसेफच्या साहाय्याने २०१३-१४ मध्ये बालकांची शीघ्र पाहणी केली. वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या बालकांचे प्रमाण ४८ टक्क्यांवरून ३८.७ टक्क्यांवर आल्याचे तीत दिसत होते. वृत्त चांगले असूनही अहवाल अडून राहिला. जुलै २०१५ मध्ये एका ब्रिटिश साप्ताहिकाने त्यातील आकडे छापल्यानंतरच तो अधिकृतपणे उपलब्ध झाला. सरकारांच्या संमतीने काम करणाऱ्या संस्थेला पाहणीत साहाय्य करता येते. निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचा अधिकार तिच्याकडे असतोच असे नाही.

महाराष्ट्राचे उदाहरण निराळे आहे. २००५ मध्ये तत्कालीन औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे मुख्यालय असलेले राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण अभियान सुरू झाले. त्यास युनिसेफचे साहाय्य होते. २०१२ मध्ये राज्य शासनासाठी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने युनिसेफच्या सहकार्याने सर्वंकष पोषण पाहणी केली. दोन वर्षांखालील खुज्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मधील ३९ टक्क्यांवरून सुमारे २३ टक्क्यांवर आल्याचे तीत आढळले. युनिसेफच्या २०१३ मधील जागतिक पोषण अहवालात महाराष्ट्राची यशोगाथा म्हणून हे आकडे झळकले.

त्यानंतरच्या कुटुंब आरोग्य पाहण्यांत पाच वर्षांखालील खुज्या बालकांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ४६.३, २०१५-१६ मध्ये ३४.४ आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के आढळले. २३ आणि ३४ हे आकडे शेजारी ठेवून कोणावर असत्याचा आरोप करणे अनुचित ठरेल. खुजेपणा पहिल्या दोन वर्षांत साचत जातो. त्यामुळे दोन वर्षांखालील आणि पाच वर्षांखालील बालकांचे प्रमाण सारखे येत नाही. राज्यात मोठी घट झाली, ही बाब दोन्ही मालिकांतून सिद्ध होते. अडचण दुसरीकडे आहे. ही घट अभियानामुळे झाली, असे २०१२ ची पाहणी सांगू शकत नव्हती, कारण अभियान नसलेला महाराष्ट्र तुलनेसाठी कोठेच नव्हता. त्याच वर्षांत मातांचे शिक्षण, प्रसूतिपूर्व तपासणी, विवाहाचे वय यांतही बदल होत होते. २०१५-१६ नंतर घट थांबल्याचे दिसते, पण यशोगाथेच्या जागतिक प्रसिद्धीइतकी चर्चा या थांबण्याची झाली नाही. नंदुरबार, गडचिरोली, मेळघाट यांसारख्या भागांतील बालके राज्याच्या सरासरीत कशी झाकली जातात, हे येथील अभ्यासकांना सांगण्याची गरज नाही. २०१२ ची पाहणी विभागनिहाय होती. जिल्हा वा आदिवासी तालुक्याच्या पातळीवर तिचा उपयोग मर्यादितच होता.

युनिसेफ, केंद्रीय आरोग्य मंत्रालय आणि पॉप्युलेशन कौन्सिल यांच्या २०१६-१८ मधील सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीने १ लाख १२ हजारांहून अधिक बालके व किशोरवयीनांची माहिती घेतली. त्यांच्यापैकी सुमारे ५१ हजार जणांच्या रक्त-लघवीच्या नमुन्यांतून लोह, जस्त, जीवनसत्त्वे यांची कमतरता देशपातळीवर मोजली गेली. बांगलादेशातील पाण्याप्रमाणे येथेही विचारण्याकडून तपासण्याकडे झालेली वाटचाल दिसते. तिचा अहवाल ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

या साऱ्या मोजणीला २०२५ मध्ये मोठा धक्का बसला. चार दशके अनेक विकसनशील देशांत लोकसंख्या व आरोग्य पाहण्यांना आधार देणारा अमेरिकेच्या अर्थसाहाय्याचा कार्यक्रम त्या वर्षी फेब्रुवारीत बंद करण्यात आला. ज्या देशांतील जन्म-मृत्यू नोंदणी अपुरी आहे, तेथील बालमृत्यूंचे अंदाज आजवर प्रामुख्याने त्या पाहण्या आणि युनिसेफची बहुनिर्देशक पाहणी या दोहोंच्या आधारे काढले जात. एका पाहणीचे उणेपण दुसरीने उघड करावे, अशी सोय त्यामुळे होती.